दोन्ही बाह्या डाव्या

सुरुवातीलाच चांगुणाबाई पाटलांचं नाव घेतो. माझं शिवणाचं मशीन आज माझ्याजवळ आहे ते त्यांच्यामुळे, आणि ते सरकारजमा व्हायची वेळ आली होती ती माझ्यामुळे. (सरकारजमा हा शब्द तसा चूक आहे, ते लिलावात गेलं असतं. पण त्या वेळी मला कोर्टातल्या शब्दांतला फरक कळत नव्हता, आणि ही सगळी हकीकत त्यातूनच घडली.)

चांगुणाबाई म्हणजे डोंबिवलीत आम्ही राहायचो त्या चाळीच्या मालकीण. आठ खोल्या, पुढे लांबलचक ओटा, मागे त्यांचंच भाताचं शेत. घराणं तिथलंच. सासरे आणि नवरा मिठागरात राबलेले. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भाडं कुणाचं किती तुंबलंय हे आठही दारांकडे नुसतं बघून सांगायच्या.

मी आजऱ्याकडचा. चौथीतून शाळा सुटली. (शाळेने मला सोडलं म्हणणं जास्त खरं.) कोल्हापुरात एका शिंप्याकडे काजं-बटणं करत हात बसला, लग्न झालं, आणि इकडे वस्ती वाढते आहे असं ऐकून बायकोला घेऊन डोंबिवलीला आलो. मशीन घ्यायला थोरल्या दादाने जोडीतला एक बैल विकला. तेव्हापासून तो नांगरटीला शेजाऱ्याचा बैल मागून आणतो. त्यामुळे ते मशीन माझ्या लेखी बैलच होतं. सकाळी उठलो की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो, मग चहा. गावाकडून दर पत्रात शेवटची ओळ ठरलेली असायची, 'मशीन बरे आहे ना.' माझी खुशाली त्याच्या आधीच्या ओळीत.

इकडे सगळे मला मास्तर म्हणायचे. शिंप्याला मास्तर म्हणतातच. पण चौथीत ज्यांनी माझ्या हातावर छड्या मोडल्या त्यांनाही मास्तर म्हणत आणि मलाही, याचा मला मनातून फार आनंद व्हायचा. माणूस असल्या आनंदानेच बिघडतो.

आता साडूंकडे येतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, ठाण्याला दिलेली. तिचे यजमान वामनराव मॅट्रिक झालेले, कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा गरम कापड घेतलं. कोट शिवायला त्यांना ठाण्यात चांगले शिंपी होते. पण अक्का म्हणाली, घरचा माणूस असताना बाहेर कशाला. या एका वाक्यावर अक्काने पुढे सहा महिने पश्चात्ताप केला.

कापड बेतानेच आणलेलं. दुहेरी घडी घालून कापायला पुरत नव्हतं. मी एकेरीच पसरलं आणि एकेक भाग आखत गेलो. पाठ, पुढचे दोन भाग, मग बाही. एक बाही कापली. छान उतरली. त्या आनंदात कागदाचा तोच नमुना, न उलटता, पुन्हा ठेवला आणि दुसरी कापली. तीही छान उतरली. इतक्या एकसारख्या बाह्या मी पूर्वी कधी कापल्या नव्हत्या! कोट शिवून झाला, अंगात घालून बघितला, तेव्हा कळलं की दोन्ही बाह्या डाव्या आहेत.

ज्यांना शिवणातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोटाच्या बाहीला कोपराशी पुढे बाक असतो. डावी बाही उजव्या हाताला जोडली की तो बाक मागे जातो. हात खाली सोडून उभं राहिलं तर फारसं दिसत नाही. पण माणूस लग्नाला जातो ते हात खाली सोडून उभं राहायला नव्हे.

मी वामनरावांना हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लग्न दुसऱ्या दिवशी होतं, आणि मी इतकंच म्हणालो, "उजवा हात जरा जपून वापरा."

वामनरावांनी अक्षता टाकायला उजवा हात उचलला. अक्षता मागे उभ्या असलेल्या हेडक्लार्कच्या टोपीवर पडल्या. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा वामनरावांचा हात पाठीकडे निघाला, मग त्यांनी घाईने डावा दिला. जेवताना त्यांनी कोट काढायला घेतला तर तो निघेना, दोघांनी ओढून काढला. हे सगळं मला अक्काने सांगितलं. वामनराव माझ्याशी बोलत नव्हते.

मग मी माफी मागायला ठाण्याला गेलो. इथवर ठीक होतं. पण कोटातून एक तुकडा उरला होता, त्याची मी स्वतःला टोपी शिवली होती, आणि गडबडीत तीच घालून गेलो. वामनरावांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. पंधरा दिवसांनी कल्याणच्या कोर्टातून समन्स आलं.

दावा लहानसाच होता, कापडाच्या किमतीचा. पण कागदावर शिक्का होता, आणि शिक्का असलेला कागद आमच्या घराण्यात आजवर फक्त देवीच्या टोचणीचा आलेला. बायकोने तो देवाजवळ ठेवला. मी रोज नमस्कार करायचो, देवाला की समन्सला ते माझं मलाच माहीत नव्हतं.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात दोन तास आधी जाऊन बसलो. आवारात झाडाखाली एक अर्जनवीस बसला होता. त्याच्याकडे चौकशी करायला गेलो तर त्याच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मला असलं बघवत नाही. भीती वाटली की तर मुळीच नाही. टोपीच्या घडीत सुई-दोरा कायम असतोच. म्हटलं, दोन मिनिटांत टाकून देतो. मग त्याच्या बाहीचं बटण निघालं. मग शेजारच्या पक्षकाराचं. सुई हातात असली की माझं काळीज जाग्यावर राहतं. आतून पट्टेवाल्याने काहीतरी तीनदा पुकारलं ते ऐकू आलं, पण तो माझं पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सूर लावून म्हणत होता. चार वर्षं मला कुणी मास्तरखेरीज काही म्हटलं नव्हतं. मनात आलंसुद्धा, कोण बिचारा हजर नाही!

सुई खोचून आत गेलो तेव्हा कोर्टात दुसरंच कुणाचं तरी चाललं होतं. दाराशी कारकुनाला नाव सांगितलं. त्याने वही चाळली आणि मान वर न करता म्हणाला, "तुमचा निकाल झाला. एकतर्फी झाला."

"म्हणजे आता मी आत जायला नको?"

"आता कशाला जाता?"

आमच्याकडे हुतूतूचे सामने व्हायचे. समोरचा संघ पार झोपवला की कर्ण्यावरून ओरडायचे, सामना एकतर्फी झाला! मी जन्मात हा शब्द तेवढ्याच कामाला ऐकलेला. आणि मला आश्चर्यही वाटलं नाही. न्यायाधीश शहाणा माणूस, त्याने कोट हातात घेऊन टाका बघितला असेल, कारागिरी ओळखली असेल, असं मी मनाशी जुळवून टाकलं. वामनराव मला फाटकाशी दिसले. ते हसत होते. मला वाटलं, हरूनही हसतोय, मनाचा मोठा माणूस.

मी कल्याणात एक शेर पेढे घेतले.

चाळीत आठही खोल्यांत वाटले. चांगुणाबाईंना दोन दिले. त्यांनी विचारलं, कोर्टान तुला काय विचारलां? मी म्हणालो, काही न विचारताच निकाल दिला. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा हातात धरला आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्याने मन मोठं करावं म्हणून मी पेढ्यांचा एक पुडा ठाण्याला वामनरावांकडे धाडला, सोबत चिठ्ठी लिहून: 'राग धरू नये. निकाल एकतर्फी लागला तरी नाते दोन्हीकडून असते.'

नंतर अक्काकडून कळलं ते असं. त्या आठवड्यात तिने नवऱ्याला जवळजवळ वळवलं होतं. हुकूमनामा मिळाला ना, मान राहिला ना, आता तो पेटीत ठेवा आणि माझ्या बहिणीचा संसार मोडू नका, असं ती रोज सांगत होती आणि वामनरावही 'बघू' पर्यंत आले होते. तेवढ्यात पुडा पोचला. वामनरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पैसे द्यायचे राहिले बाजूला, वर पेढे पाठवून खिजवतो! ते तसेच उठले आणि जप्तीची दरखास्त द्यायला गेले.

इकडे मी दुकानाची पाटी रंगवून घेत होतो. खोलीच्या पुढच्या भागालाच मी दुकान म्हणायचो. विजयानंतर नुसतं 'टेलर' बरं दिसेना. रंगारी म्हणाला, अक्षरागणिक पैसे आहेत तर चार अक्षरं जास्तीच घ्या. पाटी तयार झाली: 'मारुती अँड सन्स, कापडाचे व्यापारी.' मारुती मीच. सन्स तोवर झाले नव्हते. कापडही नव्हतं.

बायको पाटीखाली उभी राहून म्हणाली, "अवो, शिंपी असल्याचं कुठंच लिवलं न्हाई की."

मी म्हणालो, ते आता लोकांना माहीत आहे.

पाटी लागून चौथ्या दिवशी सकाळी बेलिफ आले. बरोबर दोन हमाल, हातगाडी, आणि मागे छत्री घेऊन वामनराव. बेलिफ वयस्कर, सावकाश बोलणारे. मला वाटलं, कोर्टाकडून विजयाचा कागद घेऊन आले असतील. डब्यात दोन पेढे उरले होते, एव्हाना कडक झालेले. ते मी बशीत घालून पुढे केले.

बेलिफांनी बशीकडे बघितलं. "हे कशाबद्दल?"

"निकालाबद्दल. एकतर्फी झाला ना."

"झाला की. तुम्ही गैरहजर होता म्हणून वादीच्या तर्फे झाला. तुम्ही हरलात, मास्तर. ही जप्ती आहे."

बशी माझ्या हातात होती एवढं आठवतं. ती बायकोने कधी काढून घेतली ते आठवत नाही. ओट्यावर आठही खोल्यांतली माणसं जमली होती. सगळ्यांनी पेढे खाल्लेले. एकाने तर तोंड पुसलं.

बेलिफ एकेक वस्तू बघून सांगू लागले. भांडी-कुंडी, अंथरूण-पांघरूण राहू द्या. बाईंचं मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात राहील. आरसा घ्या. दोन खुर्च्या घ्या. मग ते मशीनपाशी थांबले. मी मशीनच्या पुढ्यात उभा होतो. मुद्दाम उभा राहिलो नव्हतो, पाय तिथे गेले होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, दादाला पत्रात काय लिहू. 'मशीन बरे आहे' हे आता कुठल्या गावाहून लिहायचं.

"मास्तर, धंदा काय तुमचा?" बेलिफांनी विचारलं. आवाज मऊ होता. नंतर लक्षात आलं, तो माणूस माझ्या हातात दोरी देत होता. पण घाबरलेला माणूस मोठेपणाला जाऊन लपतो. वाटलं, बड्या असामीला जरा दबकून वागवतील. मी छाती काढून पाटीकडे बोट केलं आणि म्हणालो, "व्यापारी."

बेलिफांनी एक सुस्कारा टाकला. "मग मशीन घ्या रे."

हमालांनी मशीनला हात लावला. बायकोने तोंडाला पदर लावला. आणि त्याच वेळी ओट्याच्या टोकाकडून चांगुणाबाईंचा आवाज आला.

"ह्यो व्यापारी? मंग ह्याचे घरान इकाया ठेवलेला कापर दाखव. येक हात दाखव. मी भारा सोरतंय."

हमाल थांबले. हातभर कापडावर भाडं सोडायची भाषा बाईंच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. मिठागरावर एका सालात नवऱ्याचा माल बुडून कर्ज थकलं तेव्हा त्यांच्याही दारात असाच बेलिफ आला होता, त्यांनी सांगितलं. गाय नेली, लाकडी पेटी नेली. पण मीठ ओढायची फावडी नेली नाहीत. राबणाऱ्याचं हत्यार न्यायचं नसतं असं तो बेलिफच म्हणाला होता. मग शिंप्याचं हत्यार कुठलं?

बेलिफ म्हणाले, "बाई, कायदा तोच आहे. कारागिराचं हत्यार जप्त होत नाही. पण हा स्वतःच्या तोंडाने व्यापारी म्हणतोय, वर पाटी लावलीय. मी काय लिहू?"

"त्याचे तोंडाचा काय घेऊन बसलास. तो हरला तरी पेढं वाटतंय." बाईंनी बेलिफांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "मना वाचाया येत नाय, तुना येतंय. त्या कागदान ह्याला काय म्हटलाय ता वाच."

बेलिफांनी चष्मा लावला. हुकूमनाम्याचा कागद उघडला, नाव वाचलं, राहण्याचं ठिकाण वाचलं. मग जरा थांबले, आणि वामनरावांकडे बघत पुढचे शब्द अगदी सावकाश वाचले: "प्रतिवादी. धंदा, शिंपीकाम."

दाव्यात ते वामनरावांनीच लिहिलेलं, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. तेच हुकूमनाम्यात उतरलेलं.

वामनरावांनी छत्री ओट्यावर आपटली. "अहो, तो कसला कारागीर! दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात त्याने!"

"रावसाहेब," बेलिफ म्हणाले, "वाईट कारागीर असला तरी कारागीरच. कायद्यात हात कसा आहे ते विचारलेलं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, शेवटचं विचारतो. धंदा काय?"

सगळा ओटा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "शिंपी." आणि कुणी न विचारता पुढे सांगितलं, "वाईट."

हमालांनी मशीनवरचे हात काढले.

जप्तीच्या यादीत आरसा आला, दोन खुर्च्या आल्या, आणि वामनरावांच्या आग्रहावरून माझ्या डोक्यावरची टोपी. (तिच्या घडीतली सुई मात्र बेलिफांनी काढून मला परत दिली. हत्यार!) पाटीही घेतली, 'एक फळा, रंगीत' म्हणून. एवढ्याने दाव्याचा पाव हिस्साही निघत नव्हता. तेव्हा चांगुणाबाई वामनरावांना म्हणाल्या की हातगाडी रिकामी न्या, हे सामान माझ्या ओटीवर राहील, पैसे महिन्याच्या महिन्याला पोचतील, आणि न पोचले तर माझ्या दारात येऊन बसायचं. बेलिफांनी तसा कागद केला आणि बाईंनी त्यावर अंगठा उठवला. वामनराव तयार झाले. ठाण्याला अक्काला काय सांगायचं हा प्रश्न त्यांनाही होताच.

मग बाईंनी आपल्या पुतण्याच्या लग्नाचं सगळं शिवण मला दिलं. चोळ्या, सदरे, पोरांच्या चड्ड्या. बाई मशीनशेजारी पाट टाकून बसायच्या आणि मी कापायला कात्री उचलली की म्हणायच्या, थांब, उलटा केलास का? त्या शिवणावर सात महिन्यांत वामनरावांची फेड झाली. शेवटचे पैसे द्यायला मी बोडक्या डोक्याने गेलो. अक्काने चहा केला. कोट खुंटीला तसाच लटकत होता. घरी येऊन ते बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याच्या बाह्याच कार ना. जाकीट होल."

मी बाह्या काढल्या, आणि खरोखर झालं. वामनराव अजून ते घालून कचेरीत जातात. हे कोर्टाआधी मला सुचलं असतं तर चांगुणाबाईंचा अंगठा वाचला असता आणि माझा एक शेर पेढा.

दादाच्या पत्राला मी नेहमीसारखंच उत्तर दिलं, मशीन बरे आहे. त्या ओळीमागे कुणाचा अंगठा आहे ते लिहिलं नाही. ते इथे लिहितो. चांगुणाबाईंचे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. इरकली खण आणून ठेवलाय, त्याची त्यांना चोळी शिवून द्यायची असं मनात आहे, आणि हे मी त्यांना सांगितलंही आहे. त्या म्हणाल्या, शिव की बाबा, तुझ्या हातची घालीन मी.

फक्त कापून दुसऱ्याकडून आण.